भगतबाबा, पहिली गाडी तुम्ही बोलवा



जमिनीच्या पत्रकात देव, भगत आणि दवाखाना कशाला आणला, असं काही साथी विचारतील. दाव्यांची कामं अर्धवट पडलीत, जीपीएसची मोजणी रखडलीय, आणि ही पोरं भलतंच घेऊन बसली. पण गेल्या पावसाळ्यातल्या एका रात्रीपासून हा विषय आमच्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीवरचा आठवीतला पोरगा. घरात खाली जमिनीवर झोपलेला. रात्री दोनच्या सुमाराला पोट दुखतंय म्हणून उठला, उलटी झाली. कुठं सूज नाही, रक्त नाही. आईला वाटलं खाण्यात काही आलं. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की भिंतीकडेला काळं सरपटताना दिसलं होतं. भगताकडं नेलं. भगतानं कडुनिंबाचा पाला खायला घातला, कडू लागतो का विचारलं, अंगारा लावला, मंत्र म्हणत बसला. पहाटेला पोराच्या पापण्या वर उचलेनात, जीभ जड झाली. तेव्हा भगतच म्हणाला, न्या आता. १०८ ला फोन करायला दोघं टेकडीवर गेले, कारण रेंज तिथंच मिळते. ओढ्याला पाणी, गाडी वाडीपर्यंत येईना. बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणला. पहिल्या दवाखान्यात डॉक्टर हजर नव्हते. पुढं न्या म्हणाले. पुढच्या रस्त्यात पोरगा गेला.

दुसऱ्या दिवशी गावात सगळे एकच बोलायला लागले: अंधश्रद्धेनं पोर मेलं. आम्ही पण त्या दिवशी तेच बोललो. नंतर त्या रात्रीचे तास मोजायला बसलो. भगताच्या ओट्यावर तीन तास गेले हे खरं. पण टेकडीवर, ओढ्यात आणि बिनडॉक्टरच्या दवाखान्यात मिळून त्याच्यापेक्षा जास्त गेले. भगताचं नाव सगळ्यांनी घेतलं. ओढ्यावर पूल नाही त्याचं नाव कोणी घेतलं नाही.

तरी भगताचे तीन तास आम्ही सोडून देणार नाही. तो आपला माणूस आहे, म्हणून त्याच्याशी आधी बोलायचं.

साप चावल्यावर माणूस भगताकडं बरा होतो, हे आपल्या आज्यांनी डोळ्यानं पाहिलेलं आहे. ते खोटं नाही. आपल्या डोंगरातले बहुतेक साप बिनविषारी. धामण, तस्कर, दिवड चावली तर माणूस तसाही मरत नाही. विषारी साप सुद्धा कधी कधी चावतो पण विष सोडत नाही. अशी माणसं अंगाऱ्यानं पण बरी होतात आणि अंगाऱ्याशिवाय पण होतात. पण नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांनी विष सोडलं तर मंत्र चालत नाही. तिथं फक्त सलाईनमधून देतात ती लस चालते, आणि ती एकच लस या चारही सापांच्या विषावर बनवलेली असते. सरकारी दवाखान्यात ती फुकट आहे. मण्यार सगळ्यात फसवी. रात्री झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सूज नाही, दात दिसत नाहीत. नुसतं पोट दुखतं, मग पापण्या पडतात, मग श्वास थांबतो. कोणता साप चावला हे रात्रीच्या अंधारात भगताला कळत नाही, आम्हाला कळत नाही, डॉक्टरला सुद्धा लगेच कळत नाही. म्हणून प्रत्येकाला दवाखान्यात न्यायचं. घट्ट दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही, पाला खायला घालायचा नाही. मोडलेल्या हाडाला बांधतो तशी फळी सैल बांधायची, माणसाला चालू द्यायचं नाही, आणि निघायचं.

२०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. भगतबाबांनी हे माहीत करून घ्यावं. पण आम्ही कायद्याचा धाक दाखवायला हे लिहीत नाही. फॉरेस्टवाल्यांनी कायद्याचा धाक आपल्याला खूप दाखवला, त्यानं कोणी शहाणं झालं नाही. आमचं म्हणणं साधं आहे. रात्री दोन वाजता माणसं आधी तुमच्या दारात येतात. आशाताईच्या नाही, सरपंचाच्या नाही, आमच्या तर नाहीच. मग गाडी बोलवायचा पहिला शब्द तुमचा असू द्या. अंगारा लावायचाय तर बाजेवर घालताना लावा. त्यानं आईला धीर येतो, पोराला धीर येतो, आणि घाबरून धावपळ होत नाही ते पण चांगलंच आहे. पण बाज थांबवायची नाही.

कोणी म्हणेल, देवाच्या माणसाला डॉक्टरच्या कामाला लावता का? तर ऐका. आपल्या बोलीतच हे काम जुनं आहे. म्हाताऱ्या आज्यांच्या दंडावर गोल वण असतो. विचारलं तर म्हणतात, "देवी काढल्या." रोगाचं नाव देवी आणि सुईचं नाव पण देवी काढणं. आपल्या लोकांनी देव सोडला नाही आणि सुई पण टाळली नाही, दोन्ही एका शब्दात बसवलं. १९७७ ला भारतातून देवीचा रोग गेल्याचं जाहीर झालं. गोवर आला की दारात कडुनिंबाची डहाळी लावतात, परक्याला आत घेत नाहीत, घरात फोडणी देत नाहीत. डहाळी बघितली की पाहुणा बाहेरूनच माघारी फिरतो. रोग पसरू नये म्हणून सरकार जे पाटी लावून सांगतं, ते आपण डहाळीनं सांगत होतो. मरीआईचा गाडा शिवेबाहेर ओढून नेतात, ती पटकीची भीती होती. पटकी पाण्यातून येते हे तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून गाडा नेला आणि विहीर तशीच राहिली. आता माहीत आहे, तर मरीआईच्या दिवशी विहिरीत औषध टाकायला काय हरकत आहे? डहाळी ठेवा, पण पोराला गोवराच्या दोन लसी आधी द्या, आणि ताप उतरेना, छाती उडायला लागली तर डहाळी ओलांडून बाहेर न्या. २०२२ च्या शेवटी मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली आणि लेकरं गेली. मालेगाव आपल्यापासून किती लांब आहे?

आपल्या आदिवासींच्याच इतिहासातली एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे, ती सांगतो. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांमध्ये देवीच्या रोगाच्या भीतीनं देवीची पूजा सुरू झाली. ती देवी माणसांच्या अंगात येत येत डोंगर चढली. जव्हार, धरमपूर, सुरगाणा, डांग, बागलाण, खानदेश, आणि वर्षअखेरीस सुरत जिल्हा. हजारो आदिवासी माळावर जमायचे. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवी सांगायची: दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, घर झाडा, शौचाला पाणी वापरा. आणि आणखी एक हुकूम होता, तो जास्त महत्त्वाचा: दारू विकणाऱ्या पारशी दुकानदाराकडं जाऊ नका, त्याची मजुरी करू नका. हे दुकानदारच जमीनदार होते. दारूच्या उधारीत जमिनी त्यांच्या घशात गेल्या होत्या. १८७८ च्या अबकारी कायद्यानं मोहाची घरची दारू गुन्हा ठरवली आणि दुकानाची दारू कायदेशीर केली. म्हणजे देवीनं आरोग्य सांगितलं आणि त्याच श्वासात जमीन चोरणाऱ्याचं नाव पण सांगितलं. पुढं १९३८ च्या आसपास तळोद्याकडं गुला महाराजांनी भिल्लांना दारू सोडा, स्वच्छ राहा म्हणून आरतीला बोलावलं, तिथं सुद्धा माणसं हजारोंनी जमली. बाहेरच्या कोणी येऊन शिकवायची वाट आपल्या आजोबांनी पाहिली नव्हती.

देवीचं सगळंच ऐकावं असं मात्र आम्हाला वाटत नाही. मटण-मासे सोडा असंही ती म्हणाली, कोंबड्या-बकऱ्या लोकांनी सोडून दिल्या. आज आपल्या वाड्यांवर माळकरी झालेली घरं आहेत. त्या घरातली दारू गेली, बायकोवरची मारहाण कमी झाली, पैसा घरात राहिला, हे आम्ही रोज पाहतो आणि त्यांना हात जोडतो. पण बापानं माळ घातली म्हणून दोन वर्षांच्या पोराच्या तोंडचं अंडं आणि ओढ्याचा खेकडा काढून घेऊ नका. पोराच्या दंडाला अंगणवाडीताई पट्टी लावते तेव्हा काटा लाल रंगावर येतो. मग दूध कुठून आणणार? डाळ किती परवडते? शाळेच्या आहारात २०२३ ला आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं, २०२५ च्या सुरुवातीला सरकारनं त्याचा पैसा थांबवला. खाणाऱ्या पोराला कोणी विचारलं नाही.

आता बाहेरची दोन उदाहरणं. आपल्या मराठवाड्याला लागून जामखेड आहे. तिथं १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती जोडपं आलं. देवावरच्या श्रद्धेनं आले, पण गावात येऊन त्यांनी अंगठेबहाद्दर बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यात दलित बायका पुष्कळ. त्या बाया बाळंतपण, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी, लेकरांचं वजन, पाण्याची सोय असलं सगळं बघायला लागल्या. १९७१ साली त्या भागात हजार बाळं जन्मली तर १७६ वर्षाच्या आत मरायची. १९९३ पर्यंत ते १९ वर आलं. डॉक्टर वाढले म्हणून नाही, तर वस्तीतली बाई शहाणी झाली आणि तिच्या हातात काम दिलं म्हणून. आपली आशाताई आज जे करते त्याची मुळं अशाच कामात आहेत.

दुसरं गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था १९८६ पासून तिथं आहे. गोंड लोक दवाखान्यात का येत नाहीत म्हणून त्यांनी लोकांनाच विचारलं. लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढरे कपडे मेलेल्या माणसाला गुंडाळतात, आणि आमच्या माणसांनी राहायचं कुठं? मग आदिवासी पाड्यासारख्या झोपड्यांचा दवाखाना बांधला, नातेवाइकांना राहायची सोय केली, आणि लोकांच्या म्हणण्यानं नाव दिलं माँ दंतेश्वरी दवाखाना. दंतेश्वरी ही त्यांची देवी. दरवर्षी तिथं देवीची जत्रा भरते आणि जत्रेतच आरोग्य संसद बसते. गावोगावचे लोक सांगतात की यंदा कोणता रोग आधी धरायचा. लोकांनी मलेरिया सांगितला तर मलेरियावर काम. गावातल्याच शिकवलेल्या बायांनी घरी जाऊन तान्ह्या बाळांची काळजी घेतली, आणि हजारी १२१ असलेले बालमृत्यू ३० च्या आसपास आले. जत्रेत नवस फेडायला गेलेला माणूस मच्छरदाणीचं पण बोलतो. यात देवीचा मान कमी झाला असं तिथल्या कोणाला वाटत नाही.

आपल्याकडं जत्रा कमी आहेत का? खंडोबा आहे, म्हसोबा आहे, वाघदेव आहे, सप्तशृंगीला पायी जाणारे आहेत, नाथषष्ठीला पैठणला जाणारे आहेत. सोयगावकडं तडवी भावांच्या मशिदी आहेत. काही वाड्यांवर रविवारी प्रार्थनेला बसणारी घरं आहेत. पोलिओच्या वेळी देशात कितीतरी ठिकाणी मशिदीच्या भोंग्यावरून डोसाची हाक दिली गेली, आणि १३ जानेवारी २०११ नंतर भारतात मूळच्या (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा रोगी सापडला नाही. गाडगेबाबांनी तर हातात खराटा घेऊन आधी गाव झाडलं आणि मग कीर्तन केलं, आणि मुंबईत दवाखान्यात येणाऱ्या गरीब रोग्यांच्या माणसांसाठी धर्मशाळा बांधल्या. आपला सप्ताह मात्र सात दिवस चालतो, मांडव आणि जेवणावळीला वर्गणी निघते, आणि आठव्या दिवशी देवळामागं पत्रावळीचा ढीग तसाच. त्याच ढिगाशेजारी हातपंप. हे लिहिलं म्हणून कोणाला राग येईल. येऊ द्या.

धर्माच्या नावानं औषध घेऊन येणाऱ्यांबद्दल पण बोलायला पाहिजे. हल्ली वाडीवर कोणी ना कोणी शिबिर घेऊन येतं. एकाचा झेंडा असा, दुसऱ्याचा तसा. कोणाला आपण अमुक धर्माचे आहोत हे वहीत लिहून पाहिजे असतं, कोणाला तमुक. आम्ही शिबिराला नको म्हणत नाही. आजीच्या डोळ्यातला मोतीबिंदू झेंडा बघून थांबत नाही. पण आमचं विचारणं एवढंच की पुढच्या महिन्यात गोळी संपल्यावर तुम्ही येणार का, आणि आमची जमीन नांगरताना फॉरेस्टवाला आडवा आला तर तेव्हा पण याल का. जे दोन्हीला गप्प बसतात त्यांच्याकडून चष्मा घ्यावा, वहीवर अंगठा देऊ नये.

आणि कोणताही देव, कोणतीही संस्था उपकेंद्राची जागा घेऊ शकत नाही. सरकारचाच नियम आहे की सपाट भागात ५००० लोकांमागं एक उपकेंद्र आणि डोंगरी, आदिवासी भागात ३००० मागं एक. आपल्या वाड्या मोठ्या गावांच्या लोकसंख्येत मोजल्या जातात, उपकेंद्र त्या मोठ्या गावात, आणि मधे घाट नाहीतर ओढा. त्यात आपला छत्रपती संभाजीनगर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. इथं पेसा लागत नाही. गरोदर बायांना एक वेळचं ताजं जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे, पण ती अनुसूचित क्षेत्रासाठी. भिल्ल आणि ठाकर बाई कन्नडची असली की तिची भूक कमी होते का, हे त्यांनी सांगावं.

पण वनहक्क कायदा इथं लागतो, अभयारण्याच्या जमिनीला सुद्धा लागतो. या कायद्याच्या कलम ३(२) मध्ये तेरा सोयी लिहिल्यात. दवाखाना, अंगणवाडी, शाळा, रेशन दुकान, पिण्याचं पाणी, रस्ता. प्रत्येकाला एक हेक्टरच्या आत वनजमीन लागत असेल आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटत नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवर ती देता येते. जागा फॉरेस्टची आहे म्हणून रस्ता होत नाही, हे उत्तर आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. पुढच्या वेळी ऐकलं की ३(२) चा ठराव समोर ठेवा. रस्ता झाला असता तर तो पोरगा बाजेवर गेला नसता.

देवाचा आणि जमिनीचा आणखी एक संबंध भगतबाबांनाच जास्त माहीत आहे. वनहक्काच्या नियम १३ प्रमाणे जुन्या वहिवाटीचा पुरावा म्हणून विहिरी, दफनाच्या जागा आणि देवाच्या जागा चालतात. डोंगरातला शेंदऱ्या दगड कोणत्या पिढीपासून तिथं आहे, कोणाच्या आजानं मांडला, हे म्हातारा भगत सांगू शकतो, आणि म्हाताऱ्या माणसांचा जबाब हा पण पुरावाच आहे. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरासाठी सुप्रीम कोर्टानं १८ एप्रिल २०१३ ला सांगितलं की लोकांच्या देवाच्या हक्काचा विचार ग्रामसभेनं करायचा, आणि तिथल्या बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नको म्हटलं. तर आपल्याला भगत पाहिजे. दाव्याच्या फाईलला पाहिजे आणि रात्रीच्या गाडीला पण पाहिजे.

त्या पोराच्या वाडीवरच्या भगताकडं आम्ही चार वेळा गेलो. पहिल्या दोन वेळा ते बोलले नाहीत. तिसऱ्या वेळी चहा दिला. चौथ्या वेळी त्यांनीच विचारलं की १०८ लावल्यावर पलीकडची बाई काय काय विचारते. आम्ही त्यांच्या भिंतीवर कोळशानं नंबर लिहिला आणि टेकडीवरून रेंज कुठल्या दगडाजवळ मिळते ते पोरांना दाखवून ठेवलं. ओट्याच्या आढ्याला आता एक फळी आणि जुन्या लुगड्याच्या चार पट्ट्या बांधून ठेवल्यात.

बाकी वाड्यांवर हे अजून झालेलं नाही. येत्या ग्रामसभेत तीन ठराव मांडायचे आहेत: ओढ्यावरचा रस्ता कलम ३(२) मध्ये, सप्ताहाच्या उरलेल्या वर्गणीतून हातपंपाचा ओटा, आणि आरोग्य केंद्रात सापाची लस किती बाटल्या आहेत ते दर महिन्याला गावाला कळवावं. ठरावाचा मसुदा साथींकडं आहे. ग्रामसभेला प्रत्येक वाडीवरून भगतबाबा, आशाताई आणि निदान पाच बायका आल्या पाहिजेत. अर्धे सभासद हजर लागतात, आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका. मागच्या वेळी कोरम नव्हता म्हणून सभा मोडली होती. या वेळी ज्वारीच्या कापणीआधी तारीख धरलीय, सगळ्यांनी सकाळी दहाच्या आत पोचा. येताना दाव्यांच्या पावत्या पण आणा.